जपानी गार्डन रोझमध्ये एवढं काय आहे? लग्नाच्या सजावटीत नेहमीचे डच गुलाब चालणार नाहीत का?

बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, डेकोरेटरने जपानी गुलाबांचे फोटो दाखवले आणि भलताच आकडा सांगितला, असं तुम्ही लिहिलंय. मी ओसाकात फुलांच्या दुकानात काम करते, हे गुलाब रोज हाताखालून जातात. त्यामुळे आधी स्पष्टच सांगते: स्टेजमागची भिंत भरायची असेल तर डच गुलाबच घ्या. एकसारखे, ताठ, टिकाऊ. लांबून कुणाला फरक कळत नाही, आणि स्टेजच्या झगझगीत दिव्यांत जपानी गुलाबांचे निम्मे रंग मरतात.

फरक कळतो तो हातभर अंतरावरून.

आपण ज्याला डच गुलाब म्हणतो, तळेगावच्या पॉलीहाऊसमधून येतो तो, त्याची निवडच मुळी प्रवास सोसण्यासाठी झालेली असते. पाकळी जाड, दांडा लांब, कळी घट्ट. बऱ्याचदा ती कळी अर्धवट उघडते आणि तशीच मान टाकते. काही जपानी पैदासकारांनी नेमकी उलटी बाजू धरली. फूल पुरतं उमलू द्यायचं, उमलता उमलता त्याचा रंग बदलू द्यायचा, दांडा बारीक ठेवायचा म्हणजे फुलाच्या वजनाने तो थोडा झुकेल. यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव 'वाबारा'. शिगा प्रांतात बिवा सरोवराजवळ मोरियामा शहर आहे, तिथल्या 'रोझ फार्म केइजी'चे हे गुलाब. पैदास कुनिएदा केइजी यांची. त्यांचा 'आओई' पाहा: लहान फुलांचा घोस, रंग गुलाबी म्हणावा तर त्यात जांभळट आणि तपकिरी झाक. 'काओरीकाझारी' जर्दाळूच्या रंगावर जाणारा, वाटीसारखा भरलेला, आणि वास फळासारखा. बुकेत असला की नवरीने मान खाली घातली तरी वास येतो.

माझ्या मते खरी गंमत या मळक्या रंगांत आहे. जपानी गुलाब म्हटलं की बातमीत आला तो सनटोरी कंपनीचा 'निळा' गुलाब. गुलाबात निळं रंगद्रव्य मुळात नसतंच, म्हणून पॅन्सी या फुलझाडाचं जनुक त्यात घातलं. 1990 ला सुरू झालेलं हे काम 2004 मध्ये जाहीर झालं आणि 2009 पासून 'अप्लॉज' या नावाने फुलं जपानात विकायला आली. विज्ञान म्हणून थोरच, पण प्रत्यक्षात फूल फिकट जांभळं दिसतं. सजावट करणारे हात वळले ते बिस्किटी, चहाच्या, राखेत मिसळलेल्या गुलाबी छटांकडे. कारण साधं आहे. चटक लाल शेजारच्या प्रत्येक फुलाशी भांडतो. चहाच्या रंगाचा गुलाब दोन न जुळणाऱ्या रंगांच्या मध्ये बसतो आणि दोघांना सांभाळून घेतो. आपल्याकडच्या शालूच्या गर्द रंगांवर आणि जरीवर तर तो फारच खुलतो (डेकोरेटर मात्र हटकून पांढरा सुचवतात).

घोसाने फुलण्याची सवय मात्र जुनी आहे. जपानात रानोमाळ उगवणारा 'नोइबारा' नावाचा गुलाब आहे, पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात त्याला. तो युरोपात गेला. फ्रान्सचे गुलाब पैदासकार गियो यांनी त्याच्या वंशातून 1875 मध्ये 'पाकरेत' हा पहिला पॉलिअँथा, म्हणजे लहान फुलांच्या घोसांचा बुटका गुलाब आणला. आजच्या स्प्रे गुलाबांच्या, म्हणजे एकाच दांड्यावर अनेक फुलं येणाऱ्या गुलाबांच्या कुळात हे रक्त आहे. म्हणजे जपानने जगाला घोस दिला, आणि शंभराहून जास्त वर्षांनी तिथल्याच लोकांनी तो नव्या रंगांत फुलदाणीत आणला.

आता कामाचं. या गुलाबाला हिरव्या फोममध्ये खोचू नका. देठ बारीक असतो, मोडतो, आणि त्याचा बाक वाया जातो. उथळ भांड्यात केन्झान, म्हणजे खिळ्यांची ती जड चकती, ठेवून पाच-सात फांद्या लावा आणि मध्ये जागा मोकळी सोडा. आमच्या दुकानात नवीन आलेल्या मुलींना पहिले काही दिवस हीच गोष्ट सांगावी लागते: भरू नकोस. फुलं समारंभाच्या एक-दोन दिवस आधी आणून, देठ पाण्याखालीच तिरके कापून, थंड जागी उमलू द्यावी लागतात. कळी आणून सकाळी लावली तर तुम्ही पैसे देऊन फक्त कळीच पाहाल. पाकळी पातळ, बोटांचा डाग लगेच पडतो. डिसेंबरातल्या हवेत जमेल. मे महिन्याच्या मांडवात मी हा खेळ केला नसता.

डेकोरेटरला दोन गोष्टी विचारा. नुसतं 'जपानी' नको, जातीचं नाव काय? आणि फूल येतं कुठून? कोलंबियातही परवाना घेऊन जपानी जातींचे गुलाब पिकवतात, त्यामुळे 'जपानहून मागवले' हे दर वेळी खरं असेलच असं नाही, आणि भाव त्यावर ठरतो. नाव सांगता आलं नाही तर तो आकडा कमी करायला सांगा. माझा हिशेब असा: बहिणीच्या हातातला बुके आणि जेवणाच्या मुख्य टेबलावरची एक मांडणी जपानी गुलाबांची करा, बाकी सगळं डच. सुवास हवा असेल तर दाराशी पाण्याच्या घंगाळात गावठी गुलाब सोडा. त्याच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत गळतील, पण तिथे गळल्या तर बिघडत नाही.