निकाल लागण्याआधी वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

आजचे भारतीय लेखक वाचायचे आहेत, वीस पुस्तकांची यादी द्या, असं तू लिहिलंस. यादी मी देणार नाही. दिली तर तू ती इमानदारीनं संपवशील, एकेका नावापुढे बरोबरची खूण करशील, आणि वर्षाअखेरीस तुझ्या डोक्यात माझी आवड जाऊन बसलेली असेल. त्यापेक्षा कसं वाचावं याबद्दल चार गोष्टी सांगतो. त्यांतून यादी तुझी तू करशील.

तू ज्या पुस्तकांबद्दल विचारलंस, ती जवळजवळ सगळी पुरस्कार मिळालेली आहेत. पुरस्कारांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे चांगली पुस्तकं लांबवर पोचतात. पण एक उदाहरण बघ. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' 2018 साली हिंदीत आली. डेझी रॉकवेल यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आणि मग आपल्याकडे जो तो तिच्याबद्दल बोलू लागला. मधली चार वर्षं ती कादंबरी कुठे लपून बसली होती? देवनागरीत छापलेली होती, तू शाळेपासून शिकलेल्या भाषेत होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली ऐंशीची आई त्या पानांत तेव्हाही उठायला नकारच देत होती. त्या चार वर्षांत ज्यांनी ती वाचली, तिच्या लांबणाऱ्या, वळणं घेणाऱ्या वाक्यांवर वैतागले किंवा भाळले, त्यांनी स्वतःच्या बळावर मत बनवलं. तुझ्याकडून मला तसं वाचन हवं आहे.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत निकाल लागलेला असतो. 'कोसला' हातात घेताना ती मोठी कादंबरी आहे हे तुला आधीच ठाऊक असतं, आणि नाही भिडली तर दोष आपलाच असं वाटतं. 1963 साली ती नवी कोरी उघडणाऱ्याला हा आधार नव्हता. त्याला पानापानावर स्वतः ठरवावं लागलं. आज लिहिणाऱ्या लेखकासमोर आपण सगळे त्याच जागी असतो. हे अवघड आहे, पण वाचनातला खरा आनंदही इथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात घराजवळून कर. तू कोल्हापूर जिल्ह्यातला, तेव्हा कृष्णात खोत यांच्यापासून. 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, म्हणून ते नाव तुझ्या कानावर असेल. धरणानं उठवलेलं गाव, मागं राहिलेलं जनावर आणि त्याच्या शोधात परत गेलेला माणूस, एवढ्यावर ती कादंबरी उभी आहे. ती वाचून थांबू नकोस. 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' या आधीच्या कादंबऱ्याही मिळव आणि क्रमानं वाच. एका लेखकाची पाच पुस्तकं वाचलीस की पाच लेखकांचं एकेक वाचून कळत नाही ते कळतं. तो कशाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कुठली वाट सोडून देतो, त्याचं वाक्य कधी आखूड होतं, माणसांइतकंच पावसाला, मातीला आणि जनावराला बोलू द्यायचं त्याला कसं सुचत गेलं असेल, हे सगळं क्रमानं वाचताना दिसू लागतं. जिवंत लेखक आपल्यासमोर वाढत असतो. ती वाढ बघायला मिळणं हे भाग्य आहे.

एक सूचना. खोतांची बोली सुरुवातीला अडेल, तुझ्यासारख्या पन्हाळ्याच्या मुलालाही अडेल, कारण ती छापलेली बघायची आपल्याला सवय नसते. अशा वेळी मोठ्यानं वाच. आसाराम लोमटे यांच्या कथांनाही हेच लागू. परभणीकडची ती भाषा कानानं आधी समजते. त्यांच्या 'आलोक'ला 2016 मध्ये साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. शेती, गावातली सत्ता, जात या विषयांवर आपल्याकडे भाषणं उदंड आहेत. लोमटे भाषण न करता प्रसंग उभा करतात आणि तुला त्यात उभं करून निघून जातात.

आता जरा लांब जाऊ, पण महाराष्ट्रातूनच. मुंबईवर मराठीत किती लिहिलं गेलं, त्यात जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधल्या कथा तू वाचल्या आहेस. 1982 च्या गिरणी संपानंतर उजाड होत गेलेलं गिरणगाव त्यांच्या कथा-नाटकांत जसं आलं, तसं कुठल्या अहवालात आलेलं नाही. त्याच शहरात जयंत कायकिणी नावाचे गोकर्णचे लेखक अनेक वर्षं नोकरी करत होते आणि कन्नडमध्ये कथा लिहीत होते. त्यांच्या एका कथेचा नायक आहे दगडू परब. घोड्यावर बसलेला नवरदेव, आणि घोडा उधळून त्याला वरातीतून भलतीकडेच घेऊन जातो. तेजस्विनी निरंजना यांनी या मुंबईकथा इंग्रजीत आणल्या. त्या संग्रहाला 2018 चं दक्षिण आशियाई साहित्यासाठीचं डीएससी पारितोषिक मिळालं, आणि अनुवादित पुस्तकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आणि याच शहरात बसून अंबई तमिळमध्ये लिहितात. खरं नाव सी. एस. लक्ष्मी. स्त्रियांच्या जगण्याच्या आणि कामाच्या नोंदी जपणारी 'स्पॅरो' ही संस्था त्यांनी 1988 साली मुंबईतच उभी केली, आणि 2021 मध्ये त्यांच्या तमिळ कथासंग्रहाला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला.

हे तिघं शेजारीशेजारी ठेवून वाच. पवारांच्या माणसाला चाळ सुटत नाही, त्याच्यामागे गिरणीचा इतिहास आहे. कायकिणींचा माणूस बहुधा बाहेरून आलेला, मागचं फारसं काही नसलेला. या शहरानंच त्याला नाव आणि जागा दिलेली आहे. अंबईंची बाई स्वयंपाकघरातून, प्रवासातून, म्हातारपणातून शहराकडे बघते. यांपैकी एकच वाचलंस तर मुंबई तुला तेवढीच वाटेल. 'भारतीय लेखक' म्हणजे दूरचे कोणीतरी, ही समजूतही त्यानं मोडेल. त्यांतले काही आपल्याच लोकलमधून प्रवास करत होते.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजीतून वाचायला हरकत नाही. 2018 ते 2024 या सात वर्षांत भारतीय लेखकांसाठीचं जेसीबी पारितोषिक मिळालेल्या सात कादंबऱ्यांपैकी पाच अनुवादित होत्या: तीन मल्याळम, एक उर्दू, एक तमिळ. बेन्यामिन, एस. हरीश, एम. मुकुंदन, खालिद जावेद आणि पेरुमाळ मुरुगन. मला मल्याळम येत नाही, तुलाही येत नाही. तो अनुवाद नसता तर आपण उपाशी राहिलो असतो. पण जिथे जवळची वाट आहे तिथे लांबून जाऊ नकोस. हिंदी तू थेट वाचू शकतोस, आणि तरी विनोदकुमार शुक्ल तू इंग्रजीत मागवलेस हे वाचून मला वाईट वाटलं. 'नौकर की कमीज़' हिंदीतच वाच. इतकी साधी वाक्यं, आणि त्यांच्या तळाशी केवढी माया! कोकणीही देवनागरीत आहे. दामोदर मावजो यांना 2022 चा ज्ञानपीठ मिळाला. आखातात आया म्हणून कामाला जाणाऱ्या गोव्याच्या बाईची त्यांची 'कार्मेलीन' मूळ कोकणीत उघडून बघ. पहिली दहा पानं अडखळशील. नंतर कान जुळतो.

आणि कन्नडसाठी आपल्याला उमा कुलकर्णी लाभल्या. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत गेल्या त्या त्यांच्यामुळे. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आणि त्या ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या. एका घरातल्या दोन माणसांनी वर्षानुवर्षं केलेल्या या कामानं दोन भाषांमध्ये जेवढी ये-जा झाली, तेवढी मोठ्या संस्थांनाही क्वचित जमते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, अनुवादकाचं नाव पाठ कर. बानू मुश्ताक यांच्या कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर आलं. त्या पारितोषिकाचे 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. तुझ्या टिपणातही दोन्ही नावं सारख्या मानानं असू देत.

पेरुमाळ मुरुगन यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण समकालीन लेखकाचा वाचक असण्यात काय जबाबदारी आहे, ते मी त्यांच्या बाबतीत जे घडलं त्यावरून शिकलो. मूल नसलेल्या एका शेतकरी जोडप्याची त्यांची कादंबरी, 'माधोरुबागन', 2010 साली तमिळमध्ये आली. चार वर्षं ती लोक शांतपणे वाचत होते. 2014 च्या अखेरीस तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडमध्ये तिच्याविरुद्ध आंदोलन उभं राहिलं, प्रती जाळल्या गेल्या. जानेवारी 2015 मध्ये मुरुगन यांनी जाहीर केलं की लेखक मुरुगन मेला, आता उरला आहे तो एक साधा शिक्षक. जुलै 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं कादंबरीच्या बाजूनं निकाल दिला आणि लेखकानं पुन्हा लिहावं असं म्हटलं. ते पुन्हा लिहू लागले. त्यानंतरची 'पूनाची' ही कादंबरी एका काळ्या शेळीची गोष्ट आहे. माणसांवर लिहायचं भय वाटतं, म्हणून शेळी, असं त्यांनीच तिच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. पण त्या शेळीच्या कानाला भोक पाडून सरकार तिची नोंद करतं, त्यासाठी माणसं रांगेत उभी राहतात, आणि रांगेत कसं वागायचं हेही सरकारच ठरवतं. घाबरलेल्या माणसानं इतकं निर्भय पुस्तक लिहिलं.

मी सारखा विचार करतो तो त्या चार वर्षांतल्या वाचकांचा. गलका सुरू झाला तेव्हा ज्यांनी कादंबरी खरोखर वाचली होती, त्यांच्याच बोलण्याला आधार होता. बाकीचे ऐकीव माहितीवर बाजूनं किंवा विरुद्ध ओरडत होते. न वाचता कौतुक करणाराही लेखकाच्या फार उपयोगाचा नसतो. तेव्हा एखाद्या पुस्तकावरून वाद पेटला की तुझा पहिला प्रश्न हा असू दे: मी ते वाचलं आहे का? नसेल, तर वाचून होईपर्यंत गप्प राहा.

वाचून झाल्यावर पानभर टिपण लिही, त्याच दिवशी, इतरांची परीक्षणं बघण्याआधी. गोष्ट काय आहे ते लिहू नकोस, ते पुस्तकात आहेच. कुठे थांबलास, कुठे पुस्तक मिटून बाजूला ठेवलंस, कुठलं पात्र लेखकानं वाऱ्यावर सोडलं असं वाटलं, ते लिही. नाही आवडलं तर तेही स्पष्ट लिही, मात्र त्या मताला पुस्तकातला एक तरी प्रसंग पुरावा म्हणून जोड. सहा महिन्यांनी मत बदललं तर खाली तारीख घालून नवं लिही, जुनं खोडू नकोस.

मग लेखकाला पत्र लिही. खरंच लिही. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. ते पुस्तक कोणी नीट वाचलं की नाही, हे लेखकाला बऱ्याचदा कळतच नाही. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या आत असतो. 'खूप आवडलं' एवढ्यावर थांबू नकोस, काय आणि का ते सांग. उत्तर आलं नाही तर राग मानू नकोस. संमेलनात भेट झाली तर सही आणि फोटो यांच्याआधी एक प्रश्न विचार, पुस्तक वाचलेल्यालाच पडेल असा.

पुस्तकं विकत घेणं तुला दरवेळी परवडणार नाही, मला माहीत आहे. वाचनालयाचा सभासद हो आणि नव्या पुस्तकांची मागणी लेखी नोंदव. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून चालू आहे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून. वाचकांच्या मागणीशिवाय ही घरं इतकी टिकली नसती. एखाद्या नव्या लेखकाची प्रत तुझ्या चिठ्ठीमुळे कपाटात आली, तर तुझ्यामागून तिथे पोचणाऱ्या कितीतरी जणांच्या हाती ती पडेल. दिवाळी अंकांतल्या कथा सोडू नकोस. ज्यांचं अजून एकही पुस्तक आलेलं नाही, असे लेखक तिथेच प्रथम भेटतात, आणि अशा एखाद्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या कथेची वाट बघणं ही फार सुंदर गोष्ट आहे.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतो आहे. 'धूळमाती' आणि 'आलोक' माझ्याकडे आहेत, दोन्ही आणतो. 'नौकर की कमीज़' अप्पा बळवंत चौकात मिळते का बघ, नाही मिळाली तर कळव. तोवर खोतांच्या पहिल्या कादंबरीचं टिपण तयार ठेव. आपली मतं जुळली नाहीत तर त्यावर सविस्तर बोलू, तासभर वेळ काढून ये.

तुझे
सर