विया, स्त्राता आणि फरसबंद रस्ता

प्राचीन रोमच्या रस्त्यांविषयी मराठीत वाचताना एकाच रस्त्यासाठी ‘विया आप्पिया’, ‘अ‍ॅपियन वे’ आणि ‘अप्पियन मार्ग’ अशी निरनिराळी रूपे आढळतात. त्यांतले कोणते स्वीकारावे, ‘विया’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि इंग्रजीतला ‘स्ट्रीट’ लॅटिन ‘स्त्राता’पासून आला असेल तर ‘विया’ हाताशी असताना हा दुसरा शब्द लॅटिनमध्ये कशासाठी होता, अशी एक पृच्छा आली आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की नाव म्हणून ‘विया आप्पिया’ लिहावे, ओघात ‘आप्पिया मार्ग’ म्हणावे आणि ‘अ‍ॅपियन वे’ हे रूप सोडून द्यावे. मूळ लॅटिन उच्चार मराठी लिपीत सहज लिहिता येत असताना त्याचे इंग्रजी भाषांतर देवनागरीत उतरवण्याचे काहीच कारण नाही. उरलेल्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर हवे.

‘विया’ म्हणजे नुसता रस्ता नव्हे, तर वाहन जाईल असा रस्ता. रोमन कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काचे तीन प्रकार वेगळे मानले होते: पायी जाण्याचा तो ‘इतेर’, गुरे हाकत नेण्याचा तो ‘आक्तुस’ आणि गाडी नेण्याचा तो ‘विया’. शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्कावरून भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पाऊलवाट, गुरांची वाट आणि गाडीवाट हा भेद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ‘बारा पट्टिका’ या कायद्याने वियाची रुंदी सरळ भागात ८ फूट आणि वळणावर १६ फूट ठरवून दिली होती. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटरचा असल्यामुळे ही रुंदी अनुक्रमे साधारण २.४ आणि ४.७ मीटर भरते. वळणावर दुप्पट रुंदी सांगणारा हा नियम गाडी डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला विद्वान वारो याने ‘विया’चा संबंध ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या ‘वेहेरे’ या धातूशी जोडला होता. ‘वेहेरे’ हा धातू संस्कृत ‘वह्’चा सगोत्र आहे हे निश्चित. ‘विया’ त्याच धातूपासून आला की नाही, याबद्दल मात्र आजच्या व्युत्पत्तिकारांत एकमत नाही. ‘इतेर’चे नाते त्यापेक्षा स्पष्ट आहे, ‘जाणे’ या अर्थाचा जो संस्कृत ‘इ’ धातू ‘एति’ या रूपात दिसतो, त्याच कुळातला तो शब्द आहे.

मोठ्या सार्वजनिक मार्गांची नावे बहुधा ते बांधवणाऱ्या अधिकाऱ्यावरून पडली. ‘विया’ स्त्रीलिंगी असल्यामुळे सोबतचे नावही स्त्रीलिंगी विशेषण होते. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला हा विशेषण-विशेष्याचा मेळ परिचित वाटेल. फ्लामिनिउस या सेन्सरने, म्हणजे जनगणना आणि सार्वजनिक बांधकामे पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने, इ.स.पू. २२० मध्ये रोमपासून आपेनाइन पर्वत ओलांडून एड्रियाटिक समुद्रावरच्या आरिमिनुमपर्यंत, म्हणजे आजच्या रिमिनीपर्यंत नेलेली ती ‘विया फ्लामिनिया’. तेथूनच इ.स.पू. १८७ मध्ये एमिलिउस लेपिदुस या कॉन्सलने, म्हणजे वर्षभरासाठी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने, वायव्येकडे प्लाकेन्तियापर्यंत, आजच्या प्याचेन्त्सापर्यंत, काढलेली ती ‘विया एमिलिया’. बोलोन्या, मोदेना, पार्मा ही शहरे याच मार्गावर एका ओळीत आहेत आणि ‘एमिलिया-रोमान्या’ या आजच्या इटालियन प्रांताच्या नावात तो मार्ग अजून टिकून आहे. एड्रियाटिकच्या पलीकडे दिर्राखिउमपासून, म्हणजे आजच्या अल्बानियातल्या दुर्रेसपासून, थेस्सालोनिकीवरून बिझान्तिउमकडे, आजच्या इस्तंबूलकडे, जाणारी ‘विया एग्नातिया’ आणि दक्षिण गॉलमधून, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधून, नारबोनवरून स्पेनकडे जाणारी ‘विया दोमितिया’ ही नावेही याच पद्धतीची आहेत.

या नावांत ‘आप्पिया’ वेगळे पडते. आप्पिउस क्लाउदिउस या सेन्सरने इ.स.पू. ३१२ मध्ये रोमपासून कापुआपर्यंत हा मार्ग बांधवला आणि पुढे तो वाढत वाढत ब्रुन्दिसिउम, म्हणजे ब्रिंदिसी, या बंदरापर्यंत पोहोचला. इतर मार्गांना बांधवणाऱ्याचे कुलनाव मिळाले. त्या हिशेबाने याचे नाव ‘विया क्लाउदिया’ व्हायला हवे होते, पण ते पडले त्याच्या व्यक्तिनामावरून. म्हणूनच ‘अप्पियन’मधल्या इंग्रजी प्रत्ययाने नावाचा मूळ आकार झाकला जाऊ नये, असे मला वाटते. सर्वच नावे माणसांची आहेत असेही नाही. ‘विया ओस्तिएन्सिस’ ही ओस्तिया बंदराकडे जाते, आणि रोमच्या ईशान्येकडच्या साबाइन प्रदेशातून पुढे एड्रियाटिकच्या किनाऱ्याकडे जाणारी ‘विया सालारिया’ ही मिठाची वाट आहे, कारण लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ.

आता ‘स्त्राता’. लॅटिनमध्ये ‘स्तेर्नेरे’ म्हणजे पसरणे, अंथरणे; त्याचे कर्मणि भूतकाळवाचक विशेषण ‘स्त्रातुस’, स्त्रीलिंगी ‘स्त्राता’. ‘विया स्त्राता’ म्हणजे जिच्यावर दगडांचा थर अंथरला आहे अशी विया. विया आप्पियासारखा महत्त्वाचा मार्गही आरंभी सबंध फरसबंद नव्हता. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. २९३ मध्ये रोमजवळच्या मार्सच्या मंदिरापासून बोविल्लाय या गावापर्यंतचा भाग ‘सिलेक्स’ने, म्हणजे कठीण ज्वालामुखीजन्य दगडाने, फरसबंद करण्यात आला, आणि तेथे त्याने वापरलेले ‘पेरस्त्राता’ हे रूप याच धातूचे आहे. इ.स.पू. १७४ च्या सेन्सरांविषयी तोच लिहितो की शहरातले रस्ते सिलेक्सने आणि शहराबाहेरचे खडीने करण्याची कंत्राटे प्रथम त्यांनी दिली. रोमन रस्ता म्हटला की मोठमोठ्या काळ्या फरशांचा रस्ता डोळ्यांसमोर येतो, पण साम्राज्यभरचे बहुतेक लांब पल्ल्याचे मार्ग खडीचेच होते. तात्पर्य, प्रत्येक ‘स्त्राता’ ही विया होती, परंतु प्रत्येक विया ‘स्त्राता’ नव्हती. दुसरा शब्द लागला तो या फरकासाठी.

मराठीत ‘विया स्त्राता’ला ‘फरसबंद रस्ता’ हाच शब्द योग्य, आणि तो केवळ अर्थाने नव्हे तर घडणीनेही जुळतो. ‘फरस’ हा अरबी ‘फर्श’ फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशीही ‘पसरणे, अंथरणे’ हाच अर्थ आहे. लॅटिन आणि अरबी ही पूर्ण भिन्न कुळे असल्यामुळे हा योगायोग आहे. पण संस्कृत ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, हा धातू ‘स्तेर्नेरे’चा खरा सगोत्र आहे, आणि विस्तार, स्तर, प्रस्तर हे शब्द त्याच्यापासून झालेले आहेत. ‘प्रस्तर’चा प्रवास तर लक्ष देण्यासारखा आहे: आधी अंथरलेले गवत, मग सपाट पृष्ठभाग आणि शेवटी दगड.

पुढे ‘विया’ गळून ‘स्त्राता’ एकटीच नाम म्हणून वापरात आली. इ.स. ३०० च्या सुमारास सम्राट दिओक्लेतियन याच्या काळात युफ्रेटिस नदीवरच्या सुरा या ठाण्यापासून सीरियातल्या पाल्मिरावरून दमास्कसच्या दिशेने जाणारा वाळवंटी सीमामार्ग उभा राहिला, त्याचे नाव ‘स्त्राता दिओक्लेतियाना’. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपिउस पाल्मिराच्या दक्षिणेकडच्या ‘स्त्राता’ नावाच्या प्रदेशावरून झालेला वाद सांगतो. झाड नाही, पीक नाही, फक्त थोड्या मेंढ्यांपुरते गवत, अशा त्या जमिनीवर रोमच्या बाजूचा अरब राजा हारिथ आणि इराणच्या बाजूचा मुंधिर या दोघांनी दावा सांगितला. हारिथचा युक्तिवाद असा होता की या जागेला सगळे पूर्वापार ‘स्त्राता’ म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फरसबंद रस्ता असा आहे, म्हणून ही भूमी रोमनांची. मुंधिरचे म्हणणे असे की नावाचे काहीही असो, येथले मेंढपाळ चराईचा मोबदला आजवर मलाच देत आले आहेत. इराणचा बादशहा खुस्रौ आणि रोमन सम्राट जस्टिनियन यांच्यात इ.स. ५४० मध्ये जे युद्ध पेटले, त्याच्या निमित्तांत हा वादही होता. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती राज्याच्या सीमेचा पुरावा म्हणून मांडली गेल्याचे इतके जुने आणि इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

अरबीतला ‘सिरात’, म्हणजे मार्ग, हाही याच ‘स्त्राता’पासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. इटालियन ‘स्त्रादा’, पोर्तुगीज ‘इश्त्रादा’, जर्मन ‘श्ट्रासे’ ही त्याची थेट वंशावळ. पणजीच्या जुन्या वस्त्यांत पाट्यांवर दिसणारा ‘रुआ’ मात्र या कुळातला नव्हे. तो लॅटिन ‘रुगा’, म्हणजे सुरकुती, यापासून आलेला आहे. फ्रेंच ‘रूत’ निघाला तो ‘विया रुप्ता’पासून, म्हणजे फोडून काढलेल्या वाटेपासून. आपला ‘रस्ता’ फारसी असून त्याचे नाते ‘रास्त’, म्हणजे सरळ, या शब्दाशी आहे. ‘रास्त भाव’मधला ‘रास्त’ तोच.

इंग्लंडमधल्या नावांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. डोव्हरच्या किनाऱ्यापासून लंडन आणि सेंट ऑल्बन्सवरून रॉक्सेटरकडे जाणारी ‘वॉटलिंग स्ट्रीट’ आणि लंडनहून लिंकनवरून यॉर्ककडे जाणारी ‘अर्मिन स्ट्रीट’ हे दोन्ही मार्ग रोमनांनी बांधले, परंतु ही नावे त्यांच्यानंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी दिलेली आहेत आणि मूळ लॅटिन नावे टिकलेली नाहीत. म्हणून तेथे ‘विया’ जोडू नये. त्याचबरोबर त्यांतल्या ‘स्ट्रीट’चे भाषांतर ‘गल्ली’ किंवा ‘पेठ’ असेही करू नये. हा जुना ‘स्त्राता’च आहे, आणि त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ गावातला रस्ता नव्हे, तर रोमनांनी मागे ठेवलेला, गावागावांतून जाणारा पक्का हमरस्ता असा होता.