रिपोर्ट दिसत नाही: दोष ब्राउझरचा की आणखी कशाचा?

प्रश्न: विक्रीचा जुना रिपोर्ट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये व्यवस्थित उघडायचा. एजमध्ये मात्र नुसती रिकामी चौकट दिसते. काय करावं?

आधी रिपोर्ट कशावर बांधला आहे ते विचारून घ्या. अ‍ॅक्टिव्हएक्सवर (इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालणारं जुनं पूरक तंत्र) चालणारा असेल तर तूर्त मार्ग आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' या भागात जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या आणि एज बंद करून पुन्हा सुरू करा. मग रिपोर्टच्या पानावर तीन टिंबांच्या मेनूतून त्या मोडमध्ये रीलोड करा. अशी केलेली पानाची नोंद 30 दिवसांनी आपोआप निघून जाते. 'महिनाभर चाललं आणि अचानक बंद पडलं' ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच येते. कायमची सोय हवी असेल तर आयटी विभागाने तो पत्ता एंटरप्राइझ मोडच्या साइट-यादीत (इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये उघडायच्या साइटची कंपनीची यादी) घालावा. इंटरनेट एक्सप्लोरर मोड किमान 2029 पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. तेवढ्या मुदतीत रिपोर्ट नव्याने बांधून घ्या.

फ्लॅश या आता बंद पडलेल्या जुन्या प्लगइनवरचा डॅशबोर्ड (आकडे-आलेखांचं पान) मात्र या वाटेने चालणार नाही. 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर अडवतो. कुठून तरी जुना प्लेअर आणून बसवण्याचा मोह टाळा, कारण त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी आता कोणी बुजवत नाही. डॅशबोर्डमागचा डेटाबेस सहसा शाबूत असतो, त्यामुळे त्याच क्वेरी (डेटा मागवण्याच्या सूचना) नव्या साधनाला जोडता येतात.

प्रश्न: कंपनीच्या पोर्टलमध्ये बसवलेला रिपोर्ट पुन्हा पुन्हा लॉगिन मागतो. तोच रिपोर्ट वेगळ्या टॅबमध्ये लगेच उघडतो. असं का?

पासवर्ड बदलत बसू नका, अडचण कुकीची, म्हणजे लॉगिन लक्षात राहावं म्हणून साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीची आहे. पोर्टल एका डोमेनवर आणि रिपोर्टचा सर्व्हर दुसऱ्या, असं असलं की आयफ्रेममधल्या (एका पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीतल्या) रिपोर्टची लॉगिन-कुकी ब्राउझरच्या दृष्टीने परकी ठरते. क्रोमने फेब्रुवारी 2020 मध्ये, 80व्या आवृत्तीपासून नियम कडक करायला घेतला: कुकीवर 'सेमसाइट' (ती दुसऱ्या साइटवरून पाठवायची का हे सांगणारी खूण) लिहिलेलं नसेल तर ती 'लॅक्स' धरायची, म्हणजे दुसऱ्या साइटच्या चौकटीतून पाठवायची नाही. लॉगिन होतं, पण पुढच्या विनंतीबरोबर कुकी जात नाही आणि सर्व्हर पुन्हा लॉगिनचं पान दाखवतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी त्या कुकीवर 'सेमसाइट=नन' आणि 'सिक्युअर' ही दोन्ही विशेषणं लावावीत. 'सिक्युअर' नसेल तर क्रोम अशी कुकी नाकारतो, आणि ते लावायचं तर रिपोर्ट एचटीटीपीएसवर हवाच. एवढं करूनही सफारी ऐकणार नाही. 2020 च्या 13.1 आवृत्तीपासून ती परक्या कुकी सरसकट अडवते. म्हणून आमच्या मते पक्का उपाय एकच: पोर्टल आणि रिपोर्ट एकाच मूळ डोमेनच्या दोन उपडोमेनवर आणा. मग कुकी परकी राहतच नाही.

बिघाड शोधताना बरेच जण खासगी विंडो उघडून पाहतात. एक्स्टेंशनवर (ब्राउझरला जोडलेल्या पूरक साधनांवर) संशय असेल तेव्हा ते योग्यच आहे, कारण तिथे एक्स्टेंशन सहसा बंद असतात. पण क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये परक्या कुकीही मुळातच अडवलेल्या असतात, त्यामुळे आयफ्रेममधल्या रिपोर्टची ही चाचणी फसवी ठरते. त्याऐवजी एफ12 दाबून 'नेटवर्क' टॅब पाहा. लॉगिननंतरच्या विनंतीत कुकी गेलीच नसेल तर निदान झालं.

प्रश्न: आयपॅडवर सफारीत तारखेच्या स्तंभात 'इनव्हॅलिड डेट' येतं. क्रोम टाकून पाहू का?

फायदा होण्याची शक्यता नाही, कारण आयपॅडवरचा क्रोमही आतून सफारीचंच वेबकिट इंजिन (पान वाचून दाखवणारा गाभा) वापरतो. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून लिहिलेला मजकूर सफारीच्या जुन्या आवृत्त्यांना वाचता येत नाही. मधे 'टी' हे रोमन अक्षर घालून आयएसओ पद्धतीने तारीख पाठवायला रिपोर्ट बनवणाऱ्यांना सांगा. तोवर आयपॅडची प्रणाली अद्ययावत करून पाहा.

प्रश्न: रिपोर्टची सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांची चिन्हं होतात. ब्राउझर बदलावा का?

नको, ब्राउझरने फाइल जशी होती तशीच उतरवली आहे. दुहेरी क्लिकने उघडताना एक्सेल तिचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) चुकीचं ओळखतं. कोरी वर्कबुक घ्या, 'डेटा' मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय निवडा आणि फाइलचं मूळ ('फाइल ओरिजिन') '65001 युनिकोड यूटीएफ-8' ठेवा. नावं नीट दिसतील.