लेखक, साहित्यिक की साहित्यकार?

नाशिकच्या एका वाचक मंडळाची विचारणा आहे: २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी ‘लेखक’ लिहावे, ‘साहित्यिक’ की ‘साहित्यकार’? आणि पाहुण्या बाई असतील तर?

‘साहित्यकार’ आधी बाजूला ठेवावा. तो हिंदीत रुळलेला शब्द आहे, आणि मराठीत ‘साहित्यिक’ असताना त्याची गरज नाही.

‘लेखक’ हा सर्वांत व्यापक. बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकाला लेखक असतो, द्राक्षछाटणीच्या पुस्तिकेलाही असतो. ‘साहित्यिक’ मात्र कथा, कविता, नाटक, ललित गद्य लिहिणारा. समीक्षकही त्यात येतो. २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर खगोलशास्त्रावरच्या पुस्तकांचे लेखक होते आणि विज्ञानकथा लिहिणारे म्हणून साहित्यिकही. एके काळी या जागी ‘ग्रंथकार’ होता. १८७८ साली पुण्यात भरले ते ग्रंथकार संमेलन. आज तो शब्द जुना वाटतो. परीक्षेत दुसऱ्याची उत्तरे उतरवून देतो तो ‘लेखनिक’, लेखक नव्हे.

‘साहित्यिक’ हे विशेषणही आहे, म्हणून घोटाळा होतो. ‘साहित्यिक मेळावा’ म्हणजे साहित्यविषयक मेळावा. लिहिणारी मंडळी जमणार असतील तर ‘साहित्यिकांचा मेळावा’ असे स्पष्ट छापावे.

पण पत्रिकेत याहून नेमका शब्द घालता येतो, आणि तोच घालावा: नाटककार वसंत कानेटकर, कथाकार बाबुराव बागूल. नावानुसारही शब्द बदलतो. ज्यांच्या जन्मदिवशी तुमचा कार्यक्रम आहे ते कवितेत कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर, म्हणून ‘कवी कुसुमाग्रज’ आणि ‘नाटककार शिरवाडकर’ असे लिहिलेले शोभते. मात्र सरसकट ‘-कार’ जोडू नये. कादंबरीकार, निबंधकार, चरित्रकार, गझलकार, गीतकार रुळलेले आहेत. पटकथा आणि वृत्तपत्रातला स्तंभ यांना ‘लेखक’च लागतो: पटकथालेखक, स्तंभलेखक.

आता बाईंचे. लेखक–लेखिका, कवी–कवयित्री ही रूपे सर्वांना ठाऊक आहेत. ‘साहित्यिक’ आणि ‘-कार’चे शब्द दोघांनाही तसेच चालतात, ‘साहित्यिका’ करण्याची गरज नाही. अडचण येते ती विभक्तीत. पुरुषाला ‘कादंबरीकाराने’ म्हणता येते, बाईंसाठी एकवचनात सहज बसणारे रूपच नाही. तिथे आदरार्थी अनेकवचन घ्यावे: ‘ज्येष्ठ कादंबरीकारांनी मनोगत व्यक्त केले.’ बाई आहेत हे त्यांच्या नावावरून कळतेच, त्यासाठी ‘महिला कादंबरीकार’ कशाला? पुरुषांच्या नावाआधी आपण ‘पुरुष’ लिहीत नाही.

छपाईला देण्याआधी दोन शब्द पुन्हा तपासा. ‘कवियित्री’ चूक, ‘कवयित्री’ बरोबर. मूळ संस्कृत शब्द ‘कवयितृ’, त्यामुळे ‘व’ला वेलांटी नाही. ‘कवी’ एकटा आला की दीर्घ, विभक्तीतही दीर्घच: कवीने, कवींचा. समासात पहिला आला की ऱ्हस्व: कविसंमेलन, कविवर्य. ‘कवी कुसुमाग्रज’ हा समास नाही, दोन सुटे शब्द आहेत, तेव्हा तिथे दीर्घच. फलक रंगवणाऱ्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका. उच्चारावरून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.