मुलगी शाळेत जायला तयार नाही

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रोज सकाळी पोट दुखते म्हणून रडते आणि शाळेत जात नाही. सोनोग्राफीत काही निघाले नाही. रात्री ती दचकून उठते, कधी अंथरूण ओले करते. नवरा पिऊन आला की माझ्यावर हात उचलतो. मात्र मुलीला त्याने कधी बोट लावलेले नाही आणि त्या वेळी मी तिला आतल्या खोलीत पाठवते. ही अभ्यासाची धास्ती असेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आपण लिहिलेल्या गोष्टी एकत्र पाहिल्या, तर अभ्यासापेक्षा घरातली धास्तीच अधिक संभवते. मुंबईतल्या घरांत ‘आतली खोली’ म्हणजे पुष्कळदा एक पडदा किंवा प्लायवूडची भिंत असते आणि तिच्याआड बसलेल्या मुलाला दिसत नसले, तरी ऐकू सगळे येते. अशी मुले जिन्यावरच्या पावलांवरून आणि कडी उघडण्याच्या आवाजावरून वडिलांचा नूर ओळखायला शिकतात. शरीर सतत सावध राहिले की झोप मोडते, पोटात गोळा येतो, सुटलेली सवय परत येते. तिचे दुखणे खरे आहे, ते नाटक समजून रागावू नये. शाळेला नकार देण्यामागे तर ‘मी नसताना आईला काही झाले तर’ ही भीतीही असू शकते, आणि मुलगी आपल्या परीने तुमची राखण करत असू शकते.

शांत वेळी तिला सांगा की हे तिच्यामुळे होत नाही, कारण या वयाची मुले दोष स्वतःकडे घेतात. भांडण सुरू झाले की मध्ये न पडता शेजारी कोणत्या घरी जायचे आणि ११२ वर फोन कसा करायचा, हेही ठरवून ठेवा. ‘पुन्हा असे होणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका; ते पाळणे तुमच्या हातात नाही.

बालमानसतज्ज्ञांकडे तिला जरूर न्यावे आणि घरात काय घडते ते त्यांना मोकळेपणाने सांगावे. तरीही मारहाण चालू असताना केवळ समुपदेशनाने मुलीची भीती जाईल, अशी आशा मी दाखवणार नाही. मुलांसाठी सहन करते, असे अनेक जणी म्हणतात; त्या सहन करण्याची झळ मुलांनाच लागत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार दंडाधिकारी संरक्षणाचा आणि मुलीच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात, आणि घर तुमच्या नावावर नसले तरी त्यात राहण्याचा तुमचा हक्क हा कायदा मानतो. १८१ ही महिलांसाठीची, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेली, हिंसा सोसणाऱ्या महिलांना मदत करणारी ‘दिलासा’ केंद्रे आता महापालिकेच्या इतरही काही रुग्णालयांत आहेत. मार लागून रुग्णालयात जावे लागले, तर ‘बाथरूममध्ये घसरले’ असे सांगू नका. कोणी मारले ते केसपेपरवर लिहून घ्या, पुढे न्यायालयात तोच कागद उपयोगी पडतो.