वित्त आयोगाचे पैसे खात्यात पडून असताना ग्रामपंचायत रस्ता का करत नाही?

ग्रामपंचायतीच्या खात्यात 15 व्या वित्त आयोगाचे (केंद्राने 2021-26 साठी दिलेल्या अनुदानाचे) दहा लाख आहेत आणि सरपंच म्हणतात "रस्त्याला चालत नाहीत", असं तुम्ही लिहिलंय. सरपंच अर्धं खरं सांगतायत. दहातले सहा लाख बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचे: तीन पिण्याच्या पाण्याला, तीन स्वच्छतेला. उरलेले चार लाख अबंधित, त्यातून रस्ता होतो. पगार आणि आस्थापना खर्च मात्र अबंधितातूनही होत नाही.

पण चार लाख शिल्लक दिसतात म्हणून उद्या काम सुरू होत नाही. रस्ता ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात हवा, आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला हवा. घोळ बहुतेक इथेच होतो. ऑपरेटर काम चुकून बंधितात टाकतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, काम, मोजमाप पुस्तिका सगळं झाल्यावर बिल काढायला बसलं की त्या शीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) रस्त्यासाठी रक्कमच नसते. आराखडा दुरुस्त करायचा तर पुन्हा ग्रामसभा. दुसरं, नवा सरपंच आला की जुन्याची डिजिटल सही बंद करून नव्याची नोंदवावी लागते. ग्रामसेवकाने (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तयार केलेलं पेमेंट सरपंचाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे या सहीच्या डोंगलची नोंदणी पंचायत समितीत अडकली की ठेकेदाराचं बिलही अडकतं. तिसरं, मागच्या महिन्याचं मंथ बुक, म्हणजे पोर्टलवरचा महिन्याचा हिशेब, बंद केलेलं नसणं.

एवढं सगळं माहीत असून "ग्रामपंचायतींना खर्च करता येत नाही, अधिकार वरच राहिलेले बरे" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 73 व्या घटनादुरुस्तीने 29 विषय दाखवले. ते किती सोपवायचे हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. पैसा देताना साठ टक्क्यांवर दिल्लीने आधीच नाव घातलं. याला विकेंद्रीकरण म्हणायचं? निर्वाचित सदस्य नसतील तर हे अनुदान मिळत नाही, ही अटही बघा. 2022 पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले आणि त्यांच्या वाट्याचा निधी अडला. निवडणुका लांबल्या त्यात गावांचा दोष काय?

तरी गावालाही मी सोडणार नाही. स्वतःची वसुली नसेल तर कायम वरच्या अटींवरच जगावं लागतं. तुमच्या ग्रामपंचायतीत नमुना 8 (करआकारणीची नोंदवही) आणि नमुना 9 (कर मागणीची नोंदवही) मागून बघा. करआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. माळ्यावर माळा चढलेला असतो आणि नोंद कौलारू घराचीच असते. घरपट्टीचा पैसा कुठे लावायचा हे बव्हंशी गाव ठरवतं. त्यातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के बाजूला काढावे लागतात, बाकी मोकळं.

एक राहिलंच: गावाची पाण्याची किंवा स्वच्छतेची गरज पूर्ण भागली असेल, तर एकाचा बंधित पैसा दुसऱ्याकडे वळवता येतो, ग्रामसभेने तसं प्रमाणित करून वरून खातरजमा झाली तर. रस्त्याकडे तो तरीही वळत नाही. आणि गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असेल तर आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के थेट निधी येतो, त्याचा हिशेब ग्रामसभेत वेगळा मागा.