तेलाचा बॉयलर: बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: आमच्या घरातील रेडिएटरना तेलावर चालणाऱ्या बॉयलरमधून गरम पाणी जाते. या हिवाळ्यात तेल नेहमीपेक्षा जास्त लागत आहे, बर्नर सुरू होताना 'धप्प' असा आवाज येतो आणि बॉयलरच्या खोलीत तेलाचा वास रेंगाळतो. मधूनच बर्नर बंद पडतो. तेव्हा रिसेटचे बटण तीन-चार वेळा दाबले की तो पुन्हा पेटतो. बॉयलर जुना आहे. तो बदलून टाकावा का?

उत्तर: बदलण्याचा निर्णय नंतर घेता येईल, ते बटण वारंवार दाबणे मात्र कृपया आजपासून थांबवा. ठरलेल्या काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर प्रकाशसंवेदक बर्नर बंद करतो. बटण दाबले की तेलाचा नवा फवारा ज्वलनकक्षात जातो, आणि तो पेटला नाही तर तेथेच साचतो. शेवटी ठिणगी धरली की हे साचलेले तेल एकदम भडकते. म्हणून बटण फक्त एकदा दाबावे. बर्नर पेटला नाही, तर मुख्य स्विच बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे आणि आधी बटण किती वेळा दाबले होते, हे त्याला स्पष्ट सांगावे.

'धप्प' आवाजाचा अर्थ असा, की तेल आधी येते आणि ठिणगी त्याला उशिरा धरते. ठिणगी पाडणारे इलेक्ट्रोड झिजलेले किंवा जागेवरून सरकलेले असणे, त्यांच्या चिनीमातीच्या आवरणाला तडा जाणे आणि तेलाचा फवारा सोडणारे नोझल चोंदणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. नोझलचे छिद्र अतिशय बारीक असते आणि पंप त्यातून सुमारे ७ बार किंवा त्याहून अधिक दाबाने तेल ढकलतो, त्यामुळे थोडासा मळही फवारा वाकडा करतो. नोझल सुईने किंवा तारेने कधीही साफ करू नये, कारण एक सूक्ष्म ओरखडासुद्धा फवाऱ्याचा आकार बिघडवतो, ते बदलावेच. नोझलच्या अंगावर तेलाचे प्रमाण, फवाऱ्याचा कोन आणि त्याचा प्रकार कोरलेला असतो. या तिन्ही गोष्टी बर्नरच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच आहेत, याची नवे नोझल बसवताना स्वतः खात्री करून घ्या.

वाढलेल्या तेलखर्चाचे उत्तर बहुधा काजळीत सापडेल. ज्वलन बिघडले की बॉयलरच्या आतील पृष्ठभागावर काजळीचा थर बसतो, तो उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि ती धुराड्यातून निघून जाते. धुराड्यातील वायूंचे तापमान पूर्वीच्या नोंदीपेक्षा चढलेले दिसणे, ही त्याची खूण असते. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो थंडीपूर्वी, बॉयलर आतून घासून घ्यावा, नोझल व तेलाचा फिल्टर बदलावा आणि त्यानंतर हवेचे प्रमाण उपकरणाने मोजून लावून घ्यावे. ज्योतीचा रंग पाहून 'ठीक आहे' म्हणणाऱ्या तंत्रज्ञावर मी विसंबणार नाही. गाळणकागदावर उमटणाऱ्या डागावरून धुराची पातळी, वायूंमधील ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, तापमान आणि धुराड्याचा ओढा (वायू वर खेचण्याची ताकद) हे सर्व मोजता येते. हे आकडे लेखी मागून जपून ठेवा. पुढच्या वर्षीची तुलना त्यांच्याशीच करायची आहे. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो या कामाआधी बसवा, आणि बॉयलरच्या खोलीत हवा येण्याची जाळी कपाटामागे झाकली गेलेली नाही, हेही पाहा.

सुधारणेबद्दल माझे मत असे, की पहिला खर्च छताच्या उष्णतारोधनावर आणि गरम न होणाऱ्या जागेतून जाणाऱ्या नळ्यांच्या आवरणावर करावा. घराची गरज घटली की जुना बॉयलर तिच्या मानाने मोठा ठरतो आणि सारखा चालू-बंद होऊ लागतो. उत्पादकाने मुभा दिली असेल, तर लहान नोझल बसवून हा दोष बराच कमी करता येतो. नवा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णताही वापरणारा) घ्यायचाच असेल, तर रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ४७ अंश सेल्सिअसपेक्षा थंड राहू शकेल का, हे आधी विचारा. तसे झाले नाही, तर धुरातील वाफेचे पाणी होत नाही आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो फायदा पदरात पडत नाही.

प्रश्न: दरवर्षी तेल भरून घेतले, की लगेच फिल्टर तुंबतो. तेल खराब असेल का?

उत्तर: तेलापेक्षा टाकीवर संशय अधिक आहे. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील ओलावा भिंतींवर जमतो, पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी उतरते आणि तेथे गंज व गाळ वाढतो. नवे तेल जोराने पडले की हा गाळ ढवळून वर येतो. भरताना आणि त्यानंतर तास-दोन तास बर्नर बंद ठेवा, टाकीच्या तळातून पाणी काढून घ्या आणि उन्हाळ्यात टाकी रिकामी न ठेवता भरलेली ठेवा. तरीही फिल्टरमध्ये तपकिरी चिखल येत राहिला, तर टाकी आतून साफ करून घ्यावी लागेल, आणि पत्रा गंजून फोड आलेले दिसले, तर टाकी बदलण्यास उशीर करू नये.